पुढची ओळ

चौथीत असताना येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली एकच ओळ मी जीव तोडून म्हणायचे. ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस.’ बाकीची प्रार्थना पाठ होती म्हणून तोंडातून निघून जायची. या ओळीला मात्र डोळे घट्ट मिटायचे, कारण मार्च लागलेला असायचा आणि गणिताचा पेपर समोर दिसत असायचा. देव काही ऐकायचा नाही. दरवर्षी परीक्षेत आणायचाच.

एकदा आजीकडे तक्रार केली. ती पदर तोंडाला लावून हसली. “अगं, ती ही परीक्षा न्हवं.” मग कुठली? “येईल तवा कळंल. तिचं टाइमटेबल लावत न्हाईत.”

पुढे पुण्याच्या वसतिगृहात शेजारच्या खाटेवर वसईची एक कॅथलिक मुलगी आली. रात्री झोपताना तीही हीच प्रार्थना म्हणायची, पण तिच्या तोंडी ‘मोहात पडू देऊ नकोस’ असं यायचं. आमचे यावरून चांगले वाद व्हायचे. खरं म्हणजे दोघी बरोबर होतो. मूळ ग्रीक शब्दात कसोटी पाहणंही येतं आणि भुरळ घालणंही. आम्हा प्रोटेस्टंटांच्या मराठीनं एक अर्थ उचलला, तिच्या मराठीनं दुसरा. ‘आणू नकोस’ म्हटलं की देवच माणसाला मोहात आणून सोडतो असं वाटतं, ही अडचण माझ्या एकटीची नव्हती. फ्रेंच कॅथलिकांनी २०१७ मध्ये ही ओळ बदलून घेतली, इटालियनांनी २०२० मध्ये. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात तर स्पष्टच लिहिलंय की देव कुणाला मोहात घालत नाही, माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो. हे ओढलं जाणं म्हणजे नक्की काय होतं, ते मला पुढे फार जवळून बघायला मिळालं.

त्याआधी आजीबद्दल.

आजी नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहायची. मे महिन्यात आम्ही सगळी नातवंडं तिच्याकडे. संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापायला बसली की वचनांचा तास सुरू व्हायचा. संडे स्कूलमध्ये आम्हाला रंगीत चित्रांची कार्डं मिळायची, खाली बायबलमधलं एकेक वचन छापलेलं. जास्त वचनं पाठ तर जास्त कार्डं. आम्ही ती आजीपुढे फडाफडा म्हणून दाखवायचो. ती परातीतला हात न थांबवता म्हणायची, “हं. म्होरं?”

पुढं काही नसायचं. कार्ड तिथंच संपलेलं असायचं.

“मग आदी त्येच्या आधीची वळ सांग.” तीही यायची नाही. मग भाकरी तव्यावर टाकून, हाताचं पीठ झटकून ती स्वतः सुरुवात करायची आणि आमचं वचन मध्ये कुठेतरी येऊन निघून जायचं. माणसं गर्दीत दिसतात तसं. कधी कधी त्या गर्दीत त्याचा चेहरा पार वेगळा वाटायचा. आजी म्हणायची, एकटं वचन म्हंजी दोरीवरनं काढलेलं लुगडं, कुणीबी आपल्या अंगाला गुंडाळावं.

ही खोड तिच्या आईकडून आलेली. पणजी लहानपणी दुष्काळात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, पोचलेल्या मुलींपैकी. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेऊन सगळं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणायला घेतलं होतं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. ते छापलं मुक्तीतल्याच छापखान्यात, बायकांनी. भाषांतराचं काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पणजीनं त्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले, असं आजी अभिमानानं सांगायची. खरंखोटं आता कुणाला विचारणार? पण मला ते पटतं. खिळे जुळवणाऱ्या बाईला आवडीचं वचन निवडता येत नाही. तिला उलटी अक्षरं बघत बघत ओळीमागून ओळ लावावी लागते, वंशावळी असोत की शाप असोत.

आजीचा एक आवडता प्रश्न होता. हव्वेचं चुकलं कुठं? आम्ही एका सुरात ओरडायचो, फळ खाल्लं! “त्येच्या आधी.” आम्ही गप्प. मग ती सांगायची की सापानं विचारलं, देवानं एकाही झाडाचं फळ खाऊ नका म्हटलं का? तिनं उत्तर दिलं, मधल्या झाडाचं खाऊ नका, त्याला शिवू नका, असं देव म्हणाला. आता मागं जाऊन बघा, देव शिवण्याबद्दल चकार शब्द बोललेला नाही. ‘शिवू नका’ हिनं घरचं घातलं. वचन धड ठाऊक नसलं की साप ते आपल्याला शिकवायला येतो, असं आजीचं म्हणणं. सेमिनरीत शिकलेल्या पाळकांच्या तोंडूनही हव्वेची गोष्ट इतक्या बारकाईनं मी पुढे क्वचितच ऐकली.

तर ती परीक्षा. बारा-तेरा वर्षं झाली. मी एका निमसरकारी कार्यालयात बिलं तपासायला आहे. आमच्या लोकांना मार्चअखेर म्हणजे काय हे सांगायला नको. निधी ३१ तारखेला परत जातो, त्यामुळे वर्षभर झोपलेलं प्रत्येक बिल शेवटच्या आठवड्यात उठून धावत येतं. त्यात एका कंत्राटदाराचं गटारदुरुस्तीचं बिल होतं. मोजमाप पुस्तकात नोंद होती, पण तपासणीची सही नव्हती. मी त्रुटी काढून बिल परत केलं. शुक्रवारी तो गृहस्थ आला, नातू झाल्याचे पेढे घेऊन. एक किलोचा पुडा. सगळ्या टेबलांवर पेढे वाटून झाले होते, हा खास मॅडमसाठी. मी घेतला. नातवाच्या पेढ्याला नाही कोण म्हणतं?

घरी मुलांनी पुडा फोडला. वरचा थर संपला तसा बटर पेपर उचलला, तर खाली पेढ्यांच्या जागी पाकीट. पाचशेच्या पन्नास नोटा. वरच्या नोटेच्या कोपऱ्याला तुपाचा डाग पडला होता, गांधींच्या चष्म्यापर्यंत आलेला.

त्या वर्षी आमच्या घराच्या मागच्या खोलीवर पत्रे होते. स्लॅब टाकायचा म्हणून भिंतींतून सळया वर काढून ठेवल्या होत्या आणि त्या दोन पावसाळे खाऊन लाल झाल्या होत्या. नवरा रात्री अंथरुणावर पडून सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब करायचा. पंचवीस हजारात त्या वेळी काय काय बसलं असतं, ते मला आजही पाठ आहे. मी पाकीट कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. परत करायचं हे नक्की होतं, शनिवार-रविवार आहे, सोमवारी देऊ, असं स्वतःला सांगितलं. पण परत करायच्या पैशाचा हिशेब कुणी पोत्यांत करत नाही. मी करत होते.

शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाज अगदी मऊ. “मॅडम, पेढे मिळाले ना? घरात ठेवायचे नसतील तर चर्चला देऊन टाका. देवाचंच आहे सगळं.”

लोकांना वाटतं शास्त्र माहीत असलेल्या माणसाच्या डोक्यात अशा वेळी खणकन एक वचन वाजतं आणि तो सावध होतो. माझ्या डोक्यात वाजलं, पण त्याच्या बाजूनं. लूकच्या शुभवर्तमानातल्या सोळाव्या अध्यायातलं, ‘अनीतिकारक धनाने आपणांसाठी मित्र जोडा.’ खुद्द येशूच्या तोंडचं वाक्य. आणि ते ज्या दाखल्याच्या शेवटी येतं, तो दाखला चक्क बिलांचा! एक कारभारी आहे, त्याची नोकरी जाणार आहे. तो धन्याच्या देणेकऱ्यांना बोलावतो. तुझ्याकडे शंभर माप तेल? लवकर बस, पन्नास लिही. तुझ्याकडे शंभर माप गहू? ऐंशी लिही. आणि धनी त्याला शहाणा म्हणून वाखाणतो. बिल विभागातल्या बाईला याहून सोयीचं शास्त्र कुठे मिळणार? शिवाय पाठोपाठ दुसरं आलं, ‘कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे.’ मार्चमध्ये रात्री नऊपर्यंत बसते मी, ओव्हरटाइम कुठे देतात? दोन्ही वचनं मी लहानपणी कार्डं मिळवायला पाठ केलेली. पाठांतर माझ्यावरच उलटलं होतं.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, चालू होता. आमच्याकडे त्या काळात मत्तयचा चौथा अध्याय दरवर्षी वाचला जातो, त्यामुळे तो कानांना इतका सरावलेला की ऐकूच येत नाही. त्या रात्री तो उघडून बसले. येशू चाळीस दिवस उपाशी आहे, सैतान येतो. धोंड्यांच्या भाकरी कर. उत्तर, मनुष्य केवळ भाकरीनं जगत नाही. मंदिराच्या टोकावरून उडी टाक. उत्तर, परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. मला नमन कर, सगळी राज्यं देतो. उत्तर, केवळ परमेश्वराला नमन कर. तिन्ही उत्तरं अनुवादाच्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. येशू स्वतःचं नवीन काहीच बोलत नाही. अनुवाद म्हणजे वाळवंटात चाळीस वर्षं भटकलेल्या लोकांना मोशेनं केलेली उजळणी. भुकेल्या माणसाला भुकेल्या लोकांचं पुस्तक आठवलं. आठवा अध्याय मागून वाचत आलं की ‘केवळ भाकरीनं नव्हे’ हे वाक्य उपदेशासारखं वाटतच नाही. तिथं मोशे मान्न्याबद्दल बोलतोय. देवानं तुला उपाशी ठेवलं, मग तुला ठाऊक नसलेलं अन्न खाऊ घातलं, ते का, तर हे कळावं म्हणून. पोट रिकामं राहिलेल्यांशी चाललेलं ते बोलणं आहे.

पण त्या रात्री मला अडकवलं दुसऱ्या परीक्षेनं. कारण तिथं सैतानही शास्त्र म्हणतो. पहिल्या फेरीत वचनानं हरला, म्हणून दुसऱ्या फेरीत वचन घेऊनच आला. एक्याण्णवावं स्तोत्र. तो तुझ्याविषयी आपल्या दूतांना आज्ञा देईल, तुझा पाय धोंड्याला लागू नये म्हणून ते तुला झेलतील. शब्द खरे आहेत. मी स्तोत्र काढलं आणि बोट ठेवून वाचलं, आजी वाचायची तसं. मूळ ओळीत आहे की दूत तुला ‘तुझ्या सर्व मार्गांत’ राखतील. सैतानानं मार्ग गाळला. माणूस आपल्या वाटेनं चालला असता ठेच लागू नये, असं ते आश्वासन आहे. मुद्दाम टोकावर चढून उडी मारण्याबद्दल त्यात काही नाही. आणि तो थांबला कुठे? पाय धोंड्याला लागू नये, इथं. लगेच पुढची ओळ काय, तर तू सिंह आणि नाग यांवर चालशील, त्यांना पायांखाली तुडवशील. नाग! साप नेमका स्वतःच्या मानेवर पाय पडण्याआधीच्या ओळीपाशी गप्प बसला.

मी एकटीच मोठ्यानं हसले. नवरा दचकून जागा झाला.

मग लूकचा सोळावा उघडला. ‘अनीतिकारक धनाने मित्र जोडा’ हे नववं वचन. माझ्या डोक्यानं तिथं कार्ड संपवलं होतं. दहावं असं की जो अगदी थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू, आणि जो थोडक्याविषयी अन्यायी तो पुष्कळाविषयीही अन्यायी. पुढे तेराव्यात, देवाची आणि धनाची चाकरी दोन्ही करता येत नाही. त्या कारभाऱ्याची स्तुती का केली, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही आणि मलाही तो दाखला पूर्ण सुटलेला नाही. पण माझ्या पाकिटाला तो परवाना देत नव्हता, एवढं कळायला चार ओळी पुढं जाणं पुरेसं होतं. म्होरं?

पुढे बऱ्याच वर्षांनी चौथ्या शतकातल्या इवाग्रियस नावाच्या साधूबद्दल वाचलं आणि वाटलं, हा माणूस माझ्या कपाटापाशी उभा होता. कॉन्स्टँटिनोपलमध्ये धर्मसभांत गाजलेला हुशार वक्ता, एका बड्या घरच्या विवाहित बाईत जीव गुंतला, तेव्हा शहर सोडून पळाला. यरुशलेममार्गे इजिप्तच्या वाळवंटात गेला आणि ३९९ साली तिथंच वारला. त्यानं मोहांचे आठ कप्पे पाडले. खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, राग, कंटाळा, मोठेपणाची हाव आणि गर्व. प्रत्येक विचाराला तोंडावर मारायला शास्त्रातली वचनं गोळा केली, जवळपास पाचशे. पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘उलट उत्तर’. ते लिहायचं कारण तो सांगतो ते मला फार आवडतं. वचनं शास्त्रभर विखुरलेली असतात आणि झटापटीच्या क्षणी हवं ते चटकन सापडत नाही, म्हणून आधीच वेचून ठेवली. कंटाळ्याचं त्यानं केलेलं वर्णन तर आमच्या ऑफिसचं आहे. दुपारी सूर्य जागचा हलत नाही, साधू सारखा खिडकीतून बघतो, तीन वाजायला किती वेळ आहे, कुणी भेटायला येतंय का. या सैतानाला दुपारचा म्हणतात ते त्याच एक्याण्णवाव्या स्तोत्राच्या ग्रीक पाठावरून. इवाग्रियसशी माझं भांडण एवढंच की त्याची यादीही शेवटी कार्डांचीच. आजीनं त्यालाही विचारलं असतं. अर्थात वाळवंटातल्या त्या साधूंना स्तोत्रंच्या स्तोत्रं मुखोद्गत असायची, त्यामुळे त्यानं कदाचित म्हणूनही दाखवलं असतं.

आणि मुखोद्गत असणाऱ्यांचंही सगळं भलं होतं असं मी म्हणणार नाही. लहानपणी आमच्याकडे एक गृहस्थ यायचे, त्यांना बायबलातलं अख्खं रोमकरांस पत्र पाठ. आधीची ओळ, पुढची ओळ, सगळं. त्यांच्याकडे विधवा बायकांच्या फंडाची वही होती आणि ती वही कधी जुळली नाही. याकोब लिहितो की देव एकच आहे असा विश्वास भुतंही धरतात, आणि थरथर कापतात. ते गृहस्थ कापलेले मी पाहिले नाहीत. उलट योसेफ घ्या. त्याच्या मिसरी धन्याच्या, पोटीफरच्या, बायकोनं त्याला मोहात पाडायला त्याचं वस्त्र धरलं तेव्हा मोशे जन्मायचा होता, दहा आज्ञा व्हायच्या होत्या, त्याच्याजवळ म्हणायला एक ओळ लिहिलेली नव्हती. तो वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. पळता येत असेल तर बहुधा तेच बरं. मला पळता येत नव्हतं, कपाट माझंच होतं.

रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना आली. ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ म्हणताना चौथीनंतर पहिल्यांदा माझे डोळे तसे घट्ट मिटले. पाकीट पर्समध्ये होतं. तिथं का नेलं होतं, ते मी स्वतःला नीट विचारलेलं नाही. दानपेटी फिरत आली. लाल मखमलीची थैली, लाकडी दांड्याची. ‘चर्चला देऊन टाका.’ टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? चर्चचं छतही गळतच होतं. थैली माझ्यापुढे नेहमीपेक्षा जरा जास्त थांबली, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मी रोजचे पन्नास रुपये टाकले. पाकीट टाकणं मला जमलं नाही, पण त्याला धैर्य म्हणावं असंही नव्हतं. फक्त ‘देवाचंच आहे’ या वाक्याची पुढची ओळ मला ठाऊक होती. लाच घेऊ नको, लाच डोळसांना आंधळं करते. निर्गम, तेविसावा. आजीनं तो अध्याय अख्खा म्हणवून घेतला होता. त्यात शत्रूचं गाढव ओझ्याखाली पडलं तर त्याला उठवायला मदत कर असंही आहे. आम्ही गाढवाला हसायचो आणि लाचेपाशी पोचायचो.

सोमवारी त्याला बोलावून टेबलावर सगळ्यांदेखत पाकीट दिलं. तो रागावला नाही. नोटा मोजल्यासुद्धा नाहीत, वरची तुपाची नोट बघून म्हणाला, “अरेरे, खराब झाली.” मी म्हटलं, पेढे मात्र परत देता येत नाहीत, मुलांनी खाल्ले. तोही हसला. मंगळवारी दुपारी मोजमाप पुस्तकावर सही झाली आणि पाच वाजता बिल निघालं. म्हणजे ते पैसे न देताही त्याचं काम होणारच होतं. पुढे स्लॅब टाकला, पण पतसंस्थेच्या कर्जातून आणि तीन वर्षांनी. तोवर सळया कापून नवीन जोडाव्या लागल्या.

लूकनं हीच परीक्षांची गोष्ट सांगताना क्रम बदललाय, मंदिराची उडी शेवटी ठेवलीय. आणि मत्तयात नसलेली एक गोष्ट तो सांगतो. सैतान गेला, पण संधी मिळेपर्यंत. त्या वेळेपुरता.

पुढच्या जानेवारीत कंत्राटदार पुन्हा आला, नव्या वर्षाची डायरी घेऊन. माझ्या टेबलाशी उभा राहिला, प्लॅस्टिकचं वेष्टण स्वतःच फाडलं, डायरी दोन्ही पुठ्ठ्यांनी धरून उलटी केली आणि सगळ्यांसमोर दोनदा झटकली. “बघा मॅडम, आत काही नाही.” विभाग हसला. मीही हसले आणि डायरी घेतली. चांगल्या कागदाची होती, वर्षभर वापरली. घ्यायला हवी होती की नाही, यावर माझं आणि आजीचं अजून चालू आहे.